लांबच्या राईडला दर थांब्यावर काहीतरी जातंच, त्यावर काय करायचं

मागच्या सहा वर्षांत मोटरसायकलच्या राईडवर माझं काय काय गेलं ते एकदा वहीत लिहून काढलं. उजव्या हाताचा मोजा, दोनदा. सॅडलबॅगचं पावसाळी कव्हर, तीनदा. हेल्मेटला लावलेला, फोनवर बोलायचा इंटरकॉम. पेट्रोलच्या टाकीवर बसणारी टँकबॅग, आतल्या सामानासकट. स्टीलची पाण्याची बाटली, रेनकोटची पँट आणि माकडाने ओढून नेलेली पान्यांची पिशवी. एकूण दहा. मग प्रत्येक वस्तूसमोर ती कशी गेली ते लिहायला बसले. इतकी वर्षं मी धरून चालले होते की चोऱ्या होतात, तेव्हा मोठं कुलूप घ्यायला हवं. पण दहातल्या दोनच वस्तू माणसाने नेल्या होत्या, इंटरकॉम आणि टँकबॅग. मोजे, बाटली आणि रेनकोटची पँट मीच मागे ठेवून निघाले होते. कव्हरं वाऱ्याने नेली. आणि या दहापैकी एकही वस्तू मी तास-दोन तास गाडी सोडून गेले असताना गेलेली नव्हती. सगळ्या छोट्या थांब्यावर, नाहीतर त्या थांब्यानंतरच्या पहिल्या काही किलोमीटरवर.

म्हणून तुमचंही दर ट्रिपला काहीतरी जात असेल, तर कुलूप विकत घ्यायच्या आधी अशी यादी करा. वस्तू शेवटची कुठे पाहिली, ती कशाला अडकवलेली होती, आणि त्या वेळी घाई कसली होती, एवढं आठवलं की दुखणं कुठे आहे ते दिसतं.

मी पुण्याची. वर्षातून चार-पाचदा कोकणात उतरते, बहुतेक वेळा एकटी, रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ वर. ठरलेली वाट भोर, वरंधा, महाड, दापोली, दाभोळची फेरीबोट, गुहागर, मग तवसाळवरून जयगड आणि पुढे गणपतीपुळे किंवा थेट मालवण. मागे दोन्ही बाजूंना कापडी सॅडलबॅगा, कॅरिअरवर तोंड गुंडाळून बंद होणारी ड्रायबॅग, पुढे टँकबॅग. ज्यांच्याकडे ॲल्युमिनियमचे पॅनियर (बाजूच्या पेट्या) किंवा टॉपबॉक्स (मागची पेटी) आहेत त्यांचं बरंचसं काम एक किल्ली फिरवून होतं. पण ते महाग, जड, आणि वाळूत गाडी आडवी झाली तर पाय त्याखाली सापडायची भीती. मी कापडीच ठेवल्या आहेत, त्यामुळे पुढचं सगळं कापडी बॅगवाल्यांना धरून आहे.

पंप आणि टपरी

पेट्रोल पंपावर काय होतं ते एकदा शांतपणे बघा. टाकी उघडायला टँकबॅग उचलावी लागते, ती सीटवर जाते. किल्ली लावायला मोजे काढले, ते पंपाच्या यंत्रावर. पैसे द्यायला फोन बाहेर आला. तेवढ्यात मागचा रिक्षावाला हॉर्न देतो, आपण ओशाळून गाडी पुढे काढतो, आणि एक मोजा यंत्रावरच राहतो. माझे दोन्ही मोजे असेच गेले.

दोन गोष्टींनी हे थांबलं. चपला शिवणाऱ्या काकांकडून मी दोन्ही मोज्यांच्या मनगटाला बोटभर नाडीचा फास शिवून घेतला. मोजे काढले की दोन्ही फास एका छोट्या कॅराबिनरमध्ये, म्हणजे स्प्रिंगच्या कडीत, आणि तो कॅराबिनर जॅकेटच्या डाव्या कडीत. नेहमी डाव्याच. आता मोजे कुठे ठेवायचे हा विचारच करावा लागत नाही. दुसरं म्हणजे पंपावर पैसे देऊन झाले की गाडी तिथे सुरूच करायची नाही. दहा-पंधरा पावलं ढकलत हवा भरायच्या यंत्रापाशी न्यायची, स्टँडवर लावायची आणि टँकबॅग, मोजे, फोन सगळं तिथे सावकाश लावायचं. मागच्याचा हॉर्न तिथवर पोचत नाही.

निघण्याआधी मी पाच ठिकाणी हात लावते आणि तोंडाने म्हणते: छाती, कंबर, टाकी, डावी, उजवी. छातीच्या खिशात फोन, कंबरेच्या पाऊचमध्ये पैसे, टाकीवर बॅग, आणि दोन्ही सॅडलबॅगांचे पट्टे ओढून बघायचे. नुसतं नजरेने बघून चालत नाही, डोळे थकलेले असले की असलेलं आणि नसलेलं सारखंच दिसतं. हाताला रिकामी जागा लगेच कळते.

टपरीवर निम्मं काम गाडी लावण्यातच होतं. माझ्या सॅडलबॅगांची बकलं मागच्या अंगाला आहेत. म्हणून गाडीचं मागचं चाक टपरीच्या कुडाकडे आणि हँडल रस्त्याकडे. बकलाला हात घालायचा तर माणसाला कूड आणि गाडी यांच्यामध्ये शिरावं लागतं, आणि ते टपरीवर बसलेल्या प्रत्येकाला दिसतं. निघतानाही गाडी सरळ बाहेर निघते. मी बसते ती जागा मात्र गाडी लावल्यावर निवडायची, आधी नाही. सावलीतला बाक गाडीकडे पाठ करून असेल तर उन्हात बसलेलं बरं.

इंटरकॉम गेला तो मोठ्या हायवे हॉटेलच्या पार्किंगमध्ये. हेल्मेट आरशाला लटकवून मी मिसळ खायला आत गेले होते. क्लॅम्पमधून वर सरकवला की तो निघतो, ओढाताण नाही, आवाज नाही. हेल्मेट होतं तसंच लटकत असल्यामुळे मला काही वाटलंच नाही. वीसेक किलोमीटर गेल्यावर फोन घ्यायला कानाशी बटण दाबायला गेले, तर बोटाला नुसता क्लॅम्प लागला. तेव्हापासून हेल्मेट माझ्याबरोबर आत येतं आणि शेजारच्या खुर्चीत बसतं. हेल्मेट जवळ ठेवायचं आणखी एक कारण आहे. ते गेलं की राईड तिथेच संपते. डोक्यावर काही नसताना पुढचे तीनशे किलोमीटर जाता येत नाही, आणि खेड-चिपळूणच्या बाजारात आपल्या मापाचं चांगलं आयएसआय हेल्मेट लगेच मिळेलच असं नाही.

मोबाइल होल्डरमध्ये फोन ठेवून उतरणारे मी अजून पाहते. कृपा करून असं करू नका. अगदी फोटो काढायला चार पावलं जायचं असेल तरी.

बाथरूमला जाताना

एकटीने फिरणाऱ्या बाईसाठी हा सगळ्यात अवघड थांबा आहे. चहा गाडीशेजारी उभं राहून पिता येतो, फोटो न काढता पुढे जाता येतं. इथे मात्र गाडी पूर्ण नजरेआड होते, आणि तीही रोज तीन-चारदा. बरोबर कोणी असलं की पाळीपाळीने जाता येतं, त्यामुळे ग्रुपमध्ये फिरणाऱ्यांना हे फारसं जाणवत नाही.

माझी टँकबॅग इथेच गेली. पाऊस होता, बॅग काढली तर भिजेल, आणि तीन मिनिटांत येतेच, असं म्हणून टाकीवरच ठेवली. परत आले तेव्हा टाकीवर बॅगेच्या आकाराचा कोरडा चौकोन होता आणि त्यावर पहिले थेंब पडत होते. म्हणजे बॅग नेऊन मिनिटही झालं नव्हतं.

तेव्हापासून तीन नियम. पहिला, जे गेलं तर राईड मोडते ते अंगावरच: फोन, पैसे, गाडीची किल्ली, औषधं, एक एटीएम कार्ड. हे कंबरेच्या चपट्या पाऊचमध्ये, जॅकेटच्या आत, आणि ते सकाळी बांधलं की रात्री खोलीतच सुटतं. लायसन्स आणि आरसी मी आता मूळ प्रत नेतच नाही. डिजिलॉकरमधली किंवा एमपरिवहनमधली प्रत तपासणीला चालते, केंद्राने २०१८ मध्येच राज्यांना तसं कळवलेलं आहे. फोनची बॅटरी संपली तर अडचण नको म्हणून पॉवरबँक सोबत असते.

दुसरा नियम, टँकबॅगला खांद्याचा पट्टा हवाच. बाथरूममध्ये खुंटी असेलच असं नाही, जमीन ओली असते, बॅग ठेवायला जागा नसते. पट्टा असला की ती पाठीवर टाकता येते. नवीन टँकबॅग घेत असाल तर खिसे किती आहेत याच्या आधी हे बघा.

तिसरा नियम, आधी चहा सांगायचा, मग जायचं. "मावशी, एक चहा टाका, मी आलेच. तेवढी गाडी तुमच्या नजरेत राहू द्या." चहा सांगितला की मी तिथली झाले. गाडी कोणाची, बाई कुठे गेली, हे त्यांना ठाऊक असतं. काही न सांगता निघून गेलं तर उभी गाडी कोणाचीच नसते. मोठ्या पंपावर असेन तर गाडी कॅशिअरच्या काचेसमोर, कॅमेऱ्याखाली लावते आणि खिडकीतल्या दादांना सांगून जाते. आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. मी सीमावर्ती भागात कन्नड येत नसतानाही हे केलंय, गाडीकडे आणि स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवलं की समजतं.

केबल कुठून न्यायची

अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागणार असेल तर केबल. सायकलच्या दुकानात मिळतं ते पाच-सहा फुटी, स्टीलच्या तारांचं, वर प्लॅस्टिकचं आवरण असलेलं कुलूप पुरतं. कटर आणलेल्या माणसाला ते थांबवणार नाही हे मला माहीत आहे. पण टपरीपाशी, गडाच्या पायथ्याशी कोणी कटर घेऊन उभं नसतं. तिथे जातं ते हाताने सहज सुटणारं.

बहुतेक जण केबल कॅरिअरला गुंडाळतात. कॅरिअर चार बोल्टांवर असतं, आणि केबल बाहेरून लोंबत राहते. त्यापेक्षा सीटच्या कुलपाचा उपयोग करून घ्या. किल्लीने सीट काढायची. सीटखाली चासीची जी जाड नळी दिसते तिच्याभोवती केबलचं एक टोक फासासारखं ओवायचं. मोकळं टोक बाजूने बाहेर काढायचं आणि सीट परत बसवायची. इथे दोन गोष्टी नीट पाहायच्या. केबल वायरिंगवर दाबली जाता कामा नये, नाहीतर वायरचं आवरण घासून नवीनच दुखणं सुरू होईल. आणि सीट बसताना खटका ऐकू आला पाहिजे. केबल मध्ये आली की सीट बसल्यासारखी वाटते पण कुलूप लागलेलं नसतं. खटका ऐकल्यावरही सीट एकदा वर ओढून बघायची.

आता केबलचं बाहेरचं टोक सॅडलबॅगेच्या मुठीतून, ड्रायबॅगेच्या कडीतून, जॅकेटच्या एका बाहीतून आत आणि गळ्यातून बाहेर, आणि शेवटी हेल्मेटमधून ओवून कुलूप लावायचं. हेल्मेटच्या हनुवटीच्या पट्ट्यातून नाही. तो पट्टा ब्लेडने कापला जातो, आणि पट्टा कापलेलं हेल्मेट चोराच्याही कामाचं नाही आणि आपल्याही. फुलफेस हेल्मेट असेल तर काचेच्या खिडकीतून आत आणि मानेच्या बाजूने बाहेर, म्हणजे हनुवटीच्या कठड्याभोवती केबल येते. केबल घासून आतलं अस्तर आणि कडेचा रंग जातो म्हणून मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा केबलवर चढवून ठेवलाय. पंक्चरच्या दुकानात तो फुकट मिळतो. हेल्मेट त्याच तुकड्यावर येईल असं सरकवायचं.

डिस्कलॉक, म्हणजे ब्रेकच्या चकतीला लावायचं कुलूप, लावत असाल तर त्याची आठवणीची रंगीत दोरी हँडलला बांधल्याशिवाय लावू नका. कुलूप विसरून गाडी पुढे घेतली तर गाडी पडते आणि ब्रेकचा कॅलिपर (चकतीला धरणारा भाग) दुखावतो. हँडल लॉक मात्र दर वेळी, चहाच्या थांब्यालाही.

चेन (झिप) असलेल्या बॅगांबद्दल थोडं. दोन्ही सरक एकत्र करून त्यात छोटं कुलूप घातलं की आपल्याला बॅग बंद झाल्यासारखी वाटते. पण दातांच्या मधून पेनचं टोक खुपसलं तर चेन मध्येच उसवते, आणि कुलूपबंद सरक एकदा पुढे-मागे फिरवले की पुन्हा जशीच्या तशी बंद होते. उघडली होती हे कळतही नाही. सरक बॅगेच्याच एखाद्या शिवलेल्या कडीला अडकवले तर निदान ते फिरवता येत नाहीत, म्हणजे उघडलेली चेन उघडीच दिसते. मी सोपं केलंय: चेनच्या कप्प्यात फक्त रेनकोट, पाना, पंक्चरचं सामान, गाडीच्या चेनला लावायचं ल्यूब. कपडे आणि बाकीचं गुंडाळायच्या ड्रायबॅगेत.

आणि कव्हर. गाडीचं साधं, राखाडी, थोडं जुनं झालेलं कव्हर मला कुठल्याही कुलपापेक्षा जास्त उपयोगी पडलंय. बॅगा, केबल, हेल्मेट सगळं त्याखाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला कुठली गाडी आहे, सामान आहे की नाही, काही कळत नाही. घडी केली की ते बिछान्याच्या उशीएवढं होतं, ही एकच अडचण. मी ते ड्रायबॅगेवर सगळ्यात वर बांधते.

गड आणि होडी

सिंधुदुर्ग बघायचा तर मालवणच्या बंदरातून होडीने जावं लागतं, आणि जाऊन-फिरून यायला दोन तास सहज मोडतात. त्या उकाड्यात रायडिंग जॅकेट आणि बूट घालून तटावरून चालणं शक्य नाही, आणि सगळं गाडीवर ठेवून समुद्रात असताना मन किनाऱ्यावरच राहतं. रायगडाचं तेच. हिरकणीवाडीहून रोपवेने वर गेलात तरी अर्धा दिवस जातो.

यावर माझ्याकडे कुलपाचा उपाय नाही, वेळापत्रकाचा आहे. सामान लादलेली गाडी पायथ्याशी ठेवून गड चढायचाच नाही. रायगड करायचा असेल तर आदल्या संध्याकाळी पाचाडला किंवा जवळपास मुक्काम, सामान खोलीत, आणि सकाळी रिकामी गाडी घेऊन पायथ्याला. मालवणला पोचले की आधी खोली, मग बंदर. खोली दुपारी बारानंतर मिळणार असेल तर मालकांना आधी फोन करून विचारते, "काका, सामान अकरालाच टाकून जाऊ का?" कोकणात याला बहुधा हो म्हणतात. रस्त्यात दिसला म्हणून गड चढायचा मोह मला पूर्वी फार व्हायचा. आता तो गड पुढच्या खेपेला.

फेरीबोटीवर मला कधी काही गेल्याचा अनुभव नाही. दाभोळ-धोपावे असो की तवसाळ-जयगड, सगळे समोरासमोर असतात. गाडी गिअरमध्ये ठेवून तिच्याजवळच उभी राहते, वरच्या मजल्यावर जात नाही, तेही गाडी कलंडू नये म्हणून. बोटीचा त्रास नंतर होतो. खारा वारा आणि किनाऱ्यावरची वाळू कुलपात शिरते. गुहागरला एका संध्याकाळी माझ्या आकड्यांच्या कुलपाची तिसरी चकती जागची हलेना, आणि हेल्मेट त्यात अडकलेलं. तिथे तेल ओतायचा मोह आवरा, वाळू तेलात बसली की आणखी घट्ट होते. आधी गोड्या पाण्याची धार, चकत्या फिरतील तेवढ्या मागे-पुढे, पुन्हा धार. वाळू निघाल्यावर, सुकल्यावर, मग तेलाचे दोन थेंब. किल्लीचं कुलूप अडत असेल तर किल्लीच्या दातांवर पेन्सिलचं शिसं घासून चार-पाचदा आत-बाहेर करायची. किनाऱ्यावर राहणार असाल तर पितळी कुलूप घ्या, आणि किल्लीचं भोक खाली येईल असं लटकवा.

माकडं

वरंध्यात भजीच्या टपऱ्यांसमोर गाडी लावलीत की कठड्यावरचं एखादं माकड तुमच्याकडे बघत नसतं, बॅगेकडे बघत असतं. माझ्या बॅगेवर बसलेल्या माकडाने चेनची नाडी दोन बोटांत धरून अगदी सवयीने ओढली होती. बाहेरच्या कप्प्यात चिक्कीचं पाकीट होतं. त्याच कप्प्यात पान्यांची पिशवी. चिक्की वेगळी निघेना तेव्हा दोन्ही घेऊन ते दरीच्या बाजूला उतरलं. आंबोली, महाबळेश्वर, भीमाशंकर, सगळीकडे हेच.

कुलूप इथे बिनकामाचं, चेन उघडली नाही तर ते कापड ओरबाडतात. वास येणारं काहीही बाहेरच्या कप्प्यात नको: फळं नाहीत, वडापावचा कागद नाही. हँडलला रंगीत प्लॅस्टिकची पिशवी अडकवायची नाही, तिच्यात काय आहे याची माकडांना बरोबर कल्पना असते. खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात, ड्रायबॅगेच्या तळाशी. आणि तुम्ही कितीही भूतदया मानत असाल तरी माकडांना घाटात खायला घालू नका. माणसाच्या गाडीत खाणं असतं हे त्यांना आपणच शिकवलंय, आणि त्या नादात ती रस्त्यावर येऊन चिरडली जातात.

जे उडून जातं

पावसाळी कव्हरं तीन गेली, आणि तिन्ही वेळा मला चोरीच वाटली होती. या कव्हरांना कडेने फक्त इलॅस्टिक असतं. ऐंशीच्या वेगात वारा पुढून आत शिरतो, कव्हर फुगतं आणि मागे निघून जातं. मागच्या गाडीच्या काचेवर जाऊन बसलं तर काय होईल हा विचार केला की अंगावर काटा येतो. आता प्रत्येक कव्हराच्या पुढच्या कोपऱ्याला आयलेट (भोकाची धातूची कडी) ठोकून घेतलंय आणि त्यातून नायलॉनची दोरी कॅरिअरला बांधलेली असते.

बंजीच्या, म्हणजे ताणणाऱ्या रबरी दोरीच्या, हुकांवर मी भरवसा ठेवणं सोडलं. खराब रस्त्यावर सामान खाली बसतं, बंजी सैल होते आणि हुक सुटतो. डोळ्यावर बसला तर वेगळंच संकट. बकलाचे न ताणणारे पट्टे घ्या, आणि निघाल्यावर पहिल्या वीसेक किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा. पट्ट्याचं उरलेलं टोक लोंबकळत ठेवू नका. ते गुंडाळून रबराने बांधा. गाडीच्या चेनमध्ये किंवा मागच्या चाकात ते गेलं तर चाक अडकून गाडी घसरते. सामानापेक्षा जिवाचा प्रश्न आहे हा.

रात्री

खोली घेण्याआधी फोनवर दोनच प्रश्न: गाडी आवारात आत येते का, आणि रात्री फाटकाला कुलूप लागतं का. पार्किंग आहे का असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात, मग जाऊन बघावं तर ते रस्त्याच्या कडेला असतं. देवबागला एका घरी मी हे विचारल्यावर आजी म्हणाल्या, "काय काळजी करू नको गो बाय, हय कोण हात लावचो नाय," आणि तरीही त्यांनी नातवाला सांगून गाडी पडवीत चढवून घेतली. असं घर मिळालं की तिथे पुन्हा जायचं.

बॅगा रोज सोडून खोलीत न्यायच्या नसतील तर आतून वेगळी पिशवी असलेल्या सॅडलबॅगा घ्या. बाहेरचं खोळ गाडीवर, आतली पिशवी हातात. एका फेरीत सगळं वर जातं. दोन फेऱ्या लागल्या की पहिल्या फेरीच्या वेळी दुसरं सामान खाली उघडं पडतं, आणि दिवसभर गाडी चालवून आलेल्या माणसाला तेव्हा कशाचंच भान नसतं.

जादा किल्ली सॅडलबॅगेत ठेवू नका. बॅग गेली तर चोराच्या हातात गाडीही गेली, आणि गाडीच्या चोरीचा क्लेम करताना विमा कंपनी सहसा दोन्ही किल्ल्या मागते. गाडीच्या विम्यात सामान, हेल्मेट, जॅकेट धरलेलं नसतं. बाहेरून बसवलेले बॉक्स वगैरे पॉलिसीत लिहून वेगळा हप्ता भरला असेल तरच.

एअरटॅगबद्दल, म्हणजे वस्तू शोधायच्या ॲपलच्या छोट्या चकतीबद्दल, बरेच जण विचारतात. तो जवळून जाणाऱ्या आयफोनांच्या आधारावर आपली जागा कळवतो. पुण्या-मुंबईत ठीक, पण गुहागरच्या आतल्या रस्त्याला आयफोन घेऊन माणसं जाईपर्यंत वाट बघावी लागते. शिवाय चोराच्या फोनवरही काही वेळाने कोणाचा तरी टॅग तुमच्यासोबत फिरतोय अशी सूचना येते. असला तर असू दे, त्याच्या भरवशावर बॅग सोडू नका.

गेलंच तर

आधी आजूबाजूला शोधा, आणि लांब जाऊ नका. घाईत नेलेली बॅग बहुधा उघडून, हवं ते काढून जवळच टाकतात. टपरीच्या मागे, गटारात, झुडपात, मोरीखाली बघा. त्याच वेळी समोरच्या दुकानात, पंपावर कॅमेऱ्याचं विचारा. जुनं चित्रीकरण पुसून त्यावर नवीन चढत असतं, म्हणून उद्यावर टाकू नका.

मग ११२ किंवा जवळचं पोलीस ठाणं. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र (पोलिसांना थेट तपास करता येतो असा) गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार घ्यावी लागते. तक्रार ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. प्रवासात असणाऱ्याने हे मुद्दाम लक्षात ठेवावं. फोन गेला असेल तर तक्रारीची प्रत आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, घेऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून तो बंद करता येतो. हा क्रमांक *#०६# दाबून आजच बघा आणि घरच्या वहीत लिहा, फोन गेल्यावर तो कुठून बघणार? मी निघायच्या आदल्या रात्री सगळं सामान चादरीवर मांडून एक फोटो काढते आणि बहिणीला पाठवते. ठाण्यात बसून "बॅगेत काय काय होतं" हे आठवायला लागतं तेव्हा तो फोटो फार उपयोगी पडतो.

माझी टँकबॅग त्या दिवशी हॉटेलमागच्या पावसाच्या गटारात सापडली. तिथल्या भांडी घासणाऱ्या ताईंनीच बघितली. गॉगल नव्हता, चार्जर नव्हता, नकाशाचा कप्पा फाडलेला होता. थायरॉइडच्या गोळ्यांची पट्टी मात्र आतल्या खिशात तशीच, कोरडी होती. ती पट्टी आता कंबरेच्या पाऊचमध्ये असते.